सरकार जाऊ नका म्हणतं, पॉलिसी मात्र मिळते

बातमीदाराकडे दोन प्रकारच्या गोष्टी साठतात. एक छापून आलेल्या, दुसऱ्या "यात बातमी काय?" असं विचारून संपादकांनी परत केलेल्या. पहिल्या रद्दीत जातात. दुसऱ्या आयुष्यभर पुरतात. माझ्याकडच्या दुसऱ्या ढिगातला मोठा वाटा चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या एका इन्शुरन्सच्या दुकानाचा आहे.

आमचा ब्युरो पहिल्या मजल्यावर. खाली भल्लाजींचं दुकान, दोन्ही बाजूंना परदेशी जाणाऱ्यांना इंग्रजी शिकवणारे क्लासेस. भल्लाजी ट्रॅव्हल इन्शुरन्स विकतात. काउंटरवर शुभदाताई बसतात, मूळच्या अकोल्याच्या. नवरा हवाई दलात, सध्या लांब पोस्टिंगवर. ब्युरोतला चहा पिण्यासारखा नसतो, म्हणून मी रोज चार वाजता खाली असतो.

भल्लाजींचा एक खास ग्राहकवर्ग आहे. सरकारनं ज्या देशात जाऊ नका असा सल्ला दिलाय, नेमके तिकडे निघालेले लोक. त्या देशांचीही पॉलिसी मिळते, बरं का! प्रीमियम पहिल्या पानावर घेतात. युद्ध, दंगल, बॉम्ब किंवा सरकारी सल्ला डावलून केलेला प्रवास, यातलं काहीच कव्हर नाही, हे अकराव्या पानावर सांगतात. बाकीचे एजंट अकरावं पान उघडतसुद्धा नाहीत. ताई मात्र ते प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मगच सही घेतात. भल्लाजी म्हणतात, या बाई मला भीक मागायला लावणार.

ताईंना हे पान पाठ असायला कारण होतं. त्यांची मुलगी मिनू अशाच एका देशात डॉक्टरकी शिकत होती. गेल्या वर्षी तिकडे बॉम्ब पडायला लागले तेव्हा सरकारच्या खास विमानानं परत आली. आता कॉलेजचं पत्र आलं होतं: शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा इथं येऊनच द्यावी लागेल, येताना इन्शुरन्सचा कागद आणावा. परीक्षा नाही तर डिग्री नाही. मिनूनं पत्राची प्रिंट आईच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आईनं ती स्टेपलरखाली दाबून ठेवली. देशाचं नाव मी लिहीत नाही. ती यादी इतक्यांदा बदलते की छापून येईपर्यंत बातमी शिळी व्हायची.

*

आयटी पार्कमधला एक तरुण आला. कंपनी त्याला अशाच एका ठिकाणी क्लायंटकडे पाठवत होती. ताईंनी पान अकरा वाचलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग कव्हर आहे तरी काय?

ताईंनी सांगितलं, "अचानक दात दुखला, फ्लाइट उशिरा सुटली किंवा बॅग हरवली तर."

"चालेल. मला काय होईल ते एचआरनं विचारलेलंच नाही. फक्त पीडीएफ मागितलीय."

*

मग कर्नल गायकवाड. साताऱ्याचे, रिटायर होऊन पंचकुल्यात स्थायिक झालेले. त्यांना वाळवंटातले जुने अवशेष बघायचे होते. ताईंनी पान अकरा उघडलं, तसा कर्नलांचा चेहरा लाल झाला.

"तीस वर्षं याच सरकारनं मला गोळ्या चालत होत्या तिथं पाठवलं. एकदाही म्हणालं नाही की गायकवाड, अत्यावश्यक नसेल तर टाळा. आज स्वतःच्या पेन्शनीतून चाललोय, तर लगेच काळजी!"

पॉलिसी घेतली त्यांनी. दातांच्या कलमासाठी. म्हणाले, कवळी आहे, पण हक्क सोडायचा नाही.

*

सरकारी सल्ल्यातलं हे अत्यावश्यक म्हणजे काय, याचा निकाल मोहालीच्या एका बीजींनी, म्हणजे पंजाबी आजींनी, लावायचं ठरवलं. भाचीचं लग्न अशाच एका देशात होतं. बीजींनी थेट दिल्लीच्या मंत्रालयाला पत्र टाकलं, भाचीचं लग्न अत्यावश्यक प्रवासात मोडतं का? सोबत पत्रिका जोडली. पंजाबात या प्रश्नाला नाही म्हणणारा अफसर अजून जन्मला नाही, अशी भल्लाजींनी पैज लावली.

अफसरानं नाही म्हटलंच नाही. हो पण म्हटलं नाही. आपण आपल्या विवेकानुसार निर्णय घ्यावा, असं उत्तर आलं. तोवर भाचीच्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण आलं होतं.

*

माझं डोकं फिरलं. मी कंपनीच्या प्रवक्त्याला फोन लावला. क्लेम द्यायचाच नाही हे ठाऊक असताना पॉलिसी विकता कशी? तो गोड आवाजात म्हणाला, "सर, ग्राहकाच्या निवडीच्या स्वातंत्र्याचा आम्ही आदर करतो." आणि लगेच विचारलं, तुमचा स्वतःचा काही प्रवास आहे का?

मी झणझणीत बातमी लिहिली. छापूनही आली, चार ओळी. शेजारी त्याच कंपनीची अर्धं पान जाहिरात. दुसऱ्या दिवशी दोन ग्राहक ते पान घेऊन खाली आले. यातली पॉलिसी द्या म्हणाले.

"भाऊ, तुमच्या पत्रकारितेनं आमचा धंदा वाढला," शुभदाताई म्हणाल्या. भल्लाजींनी त्या दिवशी मला चहासोबत समोसाही दिला.

*

सगळ्यात भारी क्लेम डॉक्टर पाटकरांचा. सेक्टर ३२ मध्ये राहतात, हाडांचे सर्जन. कॉन्फरन्सला गेले आणि तिसऱ्या दिवशी विमानतळ बंद पडला. चार दिवस हॉटेलच्या तळघरात बिस्किटांवर काढले. परत आल्यावर क्लेम टाकला. तळघराचा नामंजूर, पान अकरा. पण जाताना त्यांची बॅग नऊ तास उशिरा पोचली होती, तो मंजूर! वर कंपनीचं पत्र, आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.

डॉक्टर ते पत्र ताईंना दाखवत म्हणाले, "चार दिवस तळघरात मी होतो. बॅग तर वर खोलीत एसीत होती."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

*

त्याच आठवड्यात मिनू दुकानात आली. ड्रॉवर उघडून स्टेपलरखालचं पत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं. ताई मराठीत बोलत होत्या, पोरगी हिंदीत उत्तरं देत होती. पुढच्या वर्षी दे, ताई म्हणाल्या. पुढच्या वर्षी कॉलेज उभं असेल याची गॅरंटी कोणती कंपनी देते, असं पोरीनं विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मम्मी, छह साल पढ़ी हूँ. एक पेपर बाकी है."

ताई उठल्या, काउंटरच्या बाहेर आल्या आणि ग्राहकाच्या खुर्चीत बसल्या. फॉर्म भल्लाजींनी भरला. पान अकरा आलं तसं त्यांनी ते गुपचूप उलटलं.

"वाचा," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना वाचून दाखवतो आपण."

वीस वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसानं ते पान त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं. मध्ये दोनदा पाणी प्यायले. ताईंनी सही केली.

*

मिनूला दिल्लीच्या बसवर सोडायला सेक्टर ४३ च्या स्टँडवर मीही गेलो होतो, भल्लाजीही. ते पिन्नीचा, म्हणजे पंजाबी लाडवांचा, डबा घेऊन आले होते. तिनं एकच मोठी बॅग आणली होती. तिच्यात सहा वर्षांच्या नोट्स, स्टेथोस्कोप, आईनं केलेलं मेतकूट. बॅग डिकीत नीट गेली का, हे ती पुन्हा पुन्हा खाली उतरून बघत होती.

कंडक्टरनं शिटी मारली. ताईंनी तिला पायरीवर थांबवलं, तिचा स्कार्फ उगाच नीट केला.

"तिकडे काही झालं तर बॅगेकडे वळूनही बघू नकोस. टाक आणि पळ. बॅग कव्हर आहे."