काकाचं मुंबईतलं काम

कुठल्या गावाचं काय काम, हे माझ्या काकाचं ठरलेलं असायचं. बाजाराला कणकवली, कोर्टकचेरीला ओरोस आणि पोटाला मुंबई. परळची त्याची गिरणी बंद पडली तेव्हा मुंबईचं काम संपलं म्हणून तो गावी गेला. नंतर लग्नकार्याशिवाय इकडे फिरकला नाही.

त्यामुळे लालबागची आमची चाळ पाडायला निघाली आणि त्याचा फोन आला, ‘जरा काम आसा, येतंय,’ तेव्हा मला वाटलं, काम खोलीचंच असणार. खोली त्याने आणि माझ्या वडिलांनी मिळून घेतली होती. भाड्याची पावती मात्र वडिलांच्या नावावर, त्यांच्यामागे माझ्या. चाळीच्या जागी होणाऱ्या टॉवरमधल्या जागेचा करार मी माझ्या एकट्याच्या नावावर केला होता आणि काकाला कळवलं नव्हतं.

तो आला. शेजाऱ्यांना नवी जागा केवढी मिळणार ते विचारत फिरला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर गेला. वकिलाकडेच गेला असणार, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, “तुम्ही त्यांना सरळ विचारत का नाही?”

तासाभराने तो विड्याची पानं घेऊन परतला.

सामान हलवून झालं होतं. रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यात त्याने गावाहून आणलेला नारळ आणि विडा ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गावच्या रीतीप्रमाणे तो जागेवाल्याला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, सांगत होता आणि आम्ही दोघं दर वाक्याला होकार भरत होतो. काय चुकलं असेल ते पदरात घे. व्हय म्हाराजा. पोरांना सुखी ठेव. व्हय म्हाराजा.

“ह्या खोलयेत दोन भाव एका ताटात जेवले. नव्या घरापायी आमच्यात वाकडा येवक देऊ नको रे म्हाराजा.”

बायको एकटीच म्हणाली. माझी जीभ उचलली नाही. काका थांबला आणि माझ्याकडे न बघता त्याने तेच वाक्य पुन्हा घातलं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत बसवायला गेलो. खिडकीतून तो म्हणाला, “चल झिला. माजा काम झाला.”

कराराचं त्याला कुणी सांगितलं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. चाळीतल्या एकेकाचा मला संशय येतो. आणि करारात काकाचं नाव घालून घ्यायला मी अजून गेलेलो नाही.