बॅट आत होती

"ओरडून खरं ठरत नाय," असं म्हणत आमचे अंपायर काका आधी डोक्यावरची पांढरी टोपी काढायचे, पुन्हा घालायचे आणि मगच बोट वर करायचे. तोवर सगळा संघ गळा फाटेस्तोवर अपील करत असायचा, फलंदाज श्वास रोखून उभा असायचा आणि मी माइकवर "निर्णय येतोय, निर्णय येतोय" म्हणत वेळ मारून नेत असायचो. टेनिस बॉलचे सामने तुम्ही पाहिले असतील, तर तो क्षण तुम्हाला ठाऊकच आहे.

काका वसईजवळच्या गास गावचे. केळीची वाडी, थोडा भाजीपाला, दारात विहीर. भात कापून झाला की शेतं मोकळी व्हायची, त्यांवर रोलर फिरायचा आणि दर रविवारी सामने रंगायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या आचोळ्यातल्या इमारतींमधली पोरंही अंपायर म्हणून काकांचंच नाव घ्यायची. मी खासगी कंपनीत कारकून होतो, पण आवाज मोठा म्हणून धावतं वर्णन माझ्याकडे आलं होतं.

चहाच्या वेळी काकांना छेडायला मजा यायची. संतोष हा आमचा सगळ्यात चांगला फलंदाज, वसईच्या एका कारखान्यात फिटर होता. त्यानं एकदा विचारलं, "काका, तुमचा निर्णय चुकला तर?"

काकांनी बशीत चहा ओतला. "बावीस जनांची बावीस खरी. ती सगळी ऐकत बसलो तर काळोख होईल. म्हनून मैदानात एकाचंच धरायचं. मला दिसलं ते खरं."

"आणि देवाला दिसलं ते?"

"मग त्याला बोलवा अंपायरिंगला. मी वाडीला पानी लावतो."

त्या वर्षी अंतिम सामना नेमका आचोळे आणि गास यांच्यात आला. गासचा कर्णधार आणि विकेटकीपर म्हणजे काकांचाच थोरला मुलगा. तरी अंपायर बदला, असं आमच्यातला एकही जण म्हणाला नाही. एवढा विश्वास होता.

काय सामना झाला तो! माणसं बांधावर, झाडांवर, टेम्पोच्या टपावर. आमची शेवटची जोडी खेळत होती. शेवटच्या षटकात जेमतेम आठ धावा हव्या होत्या आणि संतोष पेटला होता. त्यानं चेंडू कव्हरकडे ढकलला आणि दोन धावांसाठी पळाला. पहिली सहज झाली. दुसरीला थ्रो थेट कीपरकडे आला. संतोषनं झेप घेतली, धूळ उडाली, बेल्स पडल्या. त्या टोकाला लेग अंपायर म्हणून काका उभे होते. टोपी निघाली, टोपी चढली, बोट वर गेलं. आमचा डाव संपला. गास जिंकलं.

संतोष उठेचना. खेळपट्टीवर बसून तो एकच बोलत होता, "काका, मी आत होतो." गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "गावचा अंपायर, गावचाच कप." काकांनी ते ऐकलं. चेहरा कसनुसा झाला आणि ते स्टंप गोळा करू लागले. इकडे गासची पोरं संतोषला रडका म्हणून चिडवत होती.

त्या सामन्याचं शूटिंग झालं होतं. तुळिंजचा एक लग्नांचं शूटिंग करणारा आमच्या ओळखीचा. आठवड्याभरानं तो कॅसेट घेऊन माझ्या घरी आला. सगळा संघ टीव्हीपुढे गोळा झाला. त्यानं चित्र थांबवलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा थरथरत होत्या, पण दिसायचं ते दिसलं. बेल्स अजून जागेवर होत्या आणि संतोषची बॅट रेषेच्या चांगली आत होती.

पोरं नाचायलाच लागली. गासच्या नाक्यावर टीव्ही लावून सगळ्या गावाला दाखवू, इथवर बेत गेला. संतोषनंच थांबवलं. "आधी काकांना दाखवू," तो म्हणाला.

आम्ही दोघं गेलो. काकांकडे व्हीसीआर नव्हता, शेजाऱ्यांकडे बसलो. मुलगाही येऊन दाराला टेकून उभा राहिला. काकांनी पाहिलं. "परत लाव," म्हणाले. पुन्हा पाहिलं. मग पडद्यावर बोट ठेवलं. "हा मी. आनि हा पोरगा माझ्या पुढ्यात. मला बॅट दिसलीच नव्हती. वाटलं, बाहेर असेल."

त्यांचा आवाज ऐकून संतोषलाच कसंतरी झालं. तो म्हणाला, "काका, तुमच्या जागेवरून बघितलं तर तुमचंही खरंच होतं की."

"नाय," काका म्हणाले. "बॅट आत होती. मी कुठं उभा होतो त्यानं ती बाहेर जात नाय."

मग ते मुलाकडे वळले. "तू तर समोर होतास. तुला दिसलं होतं?"

मुलगा जमिनीकडे बघत राहिला. "तुम्हीच म्हनता ना बाबा, तुम्हाला दिसलं ते खरं. मी नुसतं अपील केलं."

काका त्याच्यावर रागावले नाहीत. मग म्हणाले, "ते मी उगाच म्हनायचो. आनि तू नेमकं तेच ऐकलंस."

पुढच्या रविवारी दुसऱ्याच संघांचे सामने होते; आमची आणि गासची पोरं बघायला आली होती. काकांनी माझ्या हातातून माइक घेतला. त्यांना माइकची सवय नव्हती, तोंडाला अगदी चिकटवून बोलले. "फायनलला संतोष आत होता. मी चुकलो. तो खोटं बोलत नव्हता." एवढंच. मग गासचीच काही पोरं चिडली, अंपायरचा निर्णय बदलत नसतो म्हणून वाद घालू लागली. त्यांच्यातून काकांचा मुलगा पुढे आला. हातात कीपिंगचे ग्लोव्हज होते. "मला बॅट दिसली होती," तो म्हणाला. "उरलेले बॉल खेळू. आत्ता."

आणि खरंच खेळलो! दुपारचे सामने थांबले, दोन्ही संघ उतरले, क्षेत्ररक्षण तसंच लावलं. मी माइकवर इतका ओरडत होतो, की बायको नंतर म्हणाली, घरापर्यंत ऐकू आलं. संतोषनं गार्ड घेतला. पहिल्याच चेंडूवर त्यानं आंधळी बॅट फिरवली आणि मधला स्टंप उडून कीपरच्या मागे पडला.

अपील झालंच नाही. काकांना बोट वर करावं लागलं नाही. सगळ्यात आधी संतोषच हसला आणि त्यानं कीपरला मिठी मारली. कप गासलाच राहिला. आमची पोरं मात्र त्या दिवशी गासच्या पोरांबरोबर पंगतीला बसून जेवली.

काका आता नाहीत. जाण्याआधी दोनेक वर्षं मी त्यांना गासच्या एका मोकळ्या शेतात शेवटचं पाहिलं. शाळेतल्या मुलांचा सामना होता, गुडघे दुखत होते, तरी अंपायर तेच. रनआउटची संधी दिसली आणि थ्रो निघाला, तसे काका धोतराचा सोगा हातात धरून कीपरच्या आडून बाजूला पळत सुटले, रेषा दिसेल तिथपर्यंत. पोचले, वाकले, धापा टाकत गुडघ्यांवर हात टेकून नीट बघितलं. "आत हाय," म्हणाले.