मैनाबाईंच्या पायावर न न्हालेला नातू

"ते सोटर काढा आधी. घामानं लेकरू भिजून राह्यलं."

"अन् काढल्यावर थंडी कोन खाईन, तुम्ही? वणीहून निघालो तवा नाक कोरडं होतं बाबूचं. इथं आला अन् वाह्यले लागलं."

"म्हंजे माह्या घरात नाक वाह्यते?"

"मी घराचं नाव घेतलं का, विहीनबाई? मी हवा म्हनलं."

"मंग हवा काय मी सोडली?"

पलंगाच्या एका अंगाला मैनाबाई, दुसऱ्या अंगाला त्यांच्या विहीणबाई धुरपताबाई, आणि मधे साडेतीन महिन्यांचा बाबू. अंगात पिवळं स्वेटर, नाकाखाली वाळलेल्या शेंबडाच्या दोन रेघा. तो एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे, आणि शिंकायचा. स्वयंपाकघरात अपेक्षा पोळ्या लाटत होती. एक आवाज आईचा, एक सासूचा. तिने लाटणं जरा जोराने फिरवलं, एवढंच.

नेरपासून थोडं आत आमचं गाव. गावात मैनाबाईंची ओळख त्यांच्या पायांवरून. तोंड धुतलेलं असो नसो, नडग्या नेहमी तेलाने चमकणार. गावात कुणीही बाळंत झालं की निरोप यायचा, "मैनामावशी, उद्यापासून या." मग पाटावर बसून त्या पाय पसरणार, लेकरू पायावर उताणं टाकणार, तीळतेल चोळणार, ऊन पाणी घालणार आणि वर त्या लेकराशी असं भांडणार की बाळंतीण हसून हसून टाके दुखतात म्हणून ओरडायची. शेजारच्या तांड्यावरूनही बोलावणं यायचं. लालीबाईची तिन्ही पोरं याच पायांवर न्हाली. त्यातला भीमराज पोलीस भरतीत निवडला गेला तेव्हा पेढे घेऊन आला, तर मैनाबाई म्हणाल्या, "तुही उंची कोनाची मेहनत हाय, मायीत हाय ना तुले?" तो बिचारा हो म्हणाला. त्याचा बाप सहा फुटी होता, हे तिथे कोण बोलणार?

आणि अशा बाईचा स्वतःचा नातू वणीला जन्मला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच. मैनाबाईंनी स्वतः अपेक्षाला ओटी भरून पाठवलं होतं. पण बारशाला वणीला गेल्या तेव्हा लेकरू हातात आलं ते फोटोपुरतं. त्यांनी सहज विचारलं, "न्हाऊ कोन घालते?"

"ठेवली एक बाई," धुरपताबाई म्हणाल्या.

ठेवली एक बाई! परतीच्या एसटीत मैनाबाई नवऱ्याला, सदाशिवरावांना, म्हणाल्या, "डोकं पाह्यलं का त्याचं? एका बाजूनं चपटं. पायावर घेनंच येत नसन तिले." सदाशिवराव म्हणाले, "मले त गोल दिसलं." नेर येईस्तोवर मैनाबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आता बाबू घरी आला होता. मैनाबाईंनी आदल्या दिवशीच पाट घासून ठेवला, तेलाची वाटी चुलीशेजारी ठेवली. आणि गाडीतून उतरता उतरता धुरपताबाई म्हणाल्या, "सर्दी हाय थोडी. न्हाऊ नका घालू दोन दिवस. अंग पुसून घ्या नुसतं."

म्हणणं वावगं नव्हतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं. शिवाय लेकराला सोडायला आलेल्या धुरपताबाई आठ दिवस राहणार होत्या.

पोळ्या संपत आल्या तेव्हा तांड्यावरची जया आली. ती आमच्या गावची आशा सेविका. दारातूनच म्हणाली, "भांडन बाहीर रस्त्यावर ऐकू येऊन राह्यलं. कोन जिंकलं?"

"बस वं जया," मैनाबाई म्हणाल्या. "पाह्य हे लेकरू. ओव्याची धुरी द्याव म्हनतो."

"मी नाकात तेलाचा थेंब टाकाव म्हनतो," धुरपताबाई म्हणाल्या.

"दोनी नका करू. धूर नको, नाकात तेल नको. अंगावरचं दूध पाजा, घडी घडी पाजा." जयाने स्वेटर वर सारलं, सदरा वर सारला आणि मोबाईलवर घड्याळ लावून लेकराच्या पोटाकडे बघत मिनिटभर श्वास मोजले. दोघी आज्या श्वास रोखून. "आता ठीक हाय. नाक वाह्यते, शिंकते, थोडं खोकते, त घाबरू नका. सर्दी हाय, जाईन आपोआप. पन अंग तापलं, श्वास धापेसारखा चालला, फासोळ्यांच्या खाली खड्डा पडून राह्यला, दूध ओढनं कमी झालं नाई त लेकरू मलूल पडलं, यातलं एक जरी दिसलं त थांबायचं नाई. सरळ दवाखाना. अन् श्वास पाह्यचा तो लेकरू चूप असताना, कपडा वर करून. कोन पाह्यन?"

"मी," मैनाबाई म्हणाल्या.

"मीच पाह्यतो ना, जलमापासून," धुरपताबाई म्हणाल्या.

जया अपेक्षाकडे बघून हसली. अपेक्षा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाबूने रडून घर डोक्यावर घेतलं. धुरपताबाईंनी घेतला, खांद्यावर थोपटला, अंगणात फिरवला, वणीला रोज ऐकवायच्या ते गुणगुणणं केलं. रडणं सुरूच. मैनाबाई तूर निवडत बसल्या होत्या. निवडत कसल्या, तेच दाणे इकडून तिकडे करत होत्या. अखेर हात पुसून म्हणाल्या, "आना इकडं."

त्यांनी त्याला मांडीवर आडवा घेतला, गुडघा हलवला. बाबू थोडा कुरकुरला. मग थोडा कण्हला. मग शांत झाला.

"पाह्यलं?" मैनाबाई हळूच म्हणाल्या. हळूच, पण पलंगापर्यंत जाईल इतक्या आवाजात. "रक्त ओळखते रक्ताले."

धुरपताबाईंचा चेहरा असा पडला की मैनाबाईंना तो बघतच राहावासा वाटला. पायाला मुंग्या आल्या तरी त्या हलल्या नाहीत. मुलगा अंकुर कापसाच्या शेतातून जेवायला आला, तर त्याला बोटाने चूप. अपेक्षा आली, "आई, द्या ना, पाजतो. सकाळपासून नीट पेलाच नाई तो."

"झोपू दे वं. तीन महिन्यानं आजीची मांडी भेटली त्याले."

"पन आई, त्यानं..."

"झोपला म्हनलं ना."

धुरपताबाई उठून खिडकीकडे गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गरम मांडीवर कोनीबी झोपते."

आता खरं तर मैनाबाईंनी गप्प राहायला हरकत नव्हती. पण त्यांना पुरा डाव हवा होता. आपल्या जुन्या मऊ लुगड्याचं त्यांनी एक झबलं शिवून ठेवलं होतं. विहीणबाई मागे वळतील तेव्हा पोराच्या अंगात ते झबलं दिसावं आणि वणीचं पिवळं स्वेटर खाली पडलेलं असावं. त्यांनी अलगद एक बाही काढली. दुसरी काढली. आतला सदरा वर गेला.

लेकराचं पोट भात्यासारखं चाललं होतं. प्रत्येक श्वासाला फासळ्यांच्या खालची कातडी आत जात होती, तिथे खड्डा पडत होता, भरत होता, पुन्हा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. मैनाबाईंनी तळहात छातीवर ठेवला. किती छात्या चोळल्या असतील या हाताने. अशी एकही नव्हती.

हा शांत झाला नव्हता. रडायलाच त्याच्यात जोर उरला नव्हता.

खिडकीशी पाठमोऱ्या विहीणबाई. अजून काही दिसलं नव्हतं त्यांना. मैनाबाईंचा हात आपोआप हलला आणि झबलं लेकराच्या छातीवर आलं. खड्डा झाकला गेला. एक श्वासभर तो झाकलेला राहिला. मग झबल्यासकट ती छाती आत ओढली गेली, आणि मैनाबाई ओरडल्या.

"अंकुर! गाडी काढ! अपेक्षा, चादर घे. जेवन राहू दे तिथंच!"

"काय झालं? काय झालं?" धुरपताबाई धावल्या. "द्या, माह्याजवळ द्या."

"नाई देत!" म्हणत मैनाबाई अनवाणीच अंगणात उतरल्या.

नेरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि अँब्युलन्सने यवतमाळला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "न्यूमोनिया आहे. सर्दी छातीत उतरली. आणलंत ते बरं केलंत. दूध पिणं कधी कमी झालं?"

"सकाळी," अपेक्षा म्हणाली.

"मग सकाळीच का नाही आणलं?"

अपेक्षा सासूकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, हे मैनाबाईंना समजलं.

वॉर्डात आईशिवाय एकाच बाईला थांबू देत होते. त्यावरूनही दारात झालंच.

"मी आजी हाव त्याची."

"अन् मी काय शेजारीन हाव?"

"दोघीही बाहेर जा," नर्स म्हणाली, आणि दोघी आलटून पालटून थांबल्या. जी बाहेर असायची ती पायऱ्यांवर बसून आत काय चाललं असेल ते मनाने बघायची.

सुया टोचून, नळ्या लावून बाबू हळूहळू वर आला. ताप उतरला. एका दुपारी नर्सने नाकातली नळी काढली, आणि तो असा खणखणीत रडला की पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "बापा! गळा पाह्य याचा." तेव्हा पाळी मैनाबाईंची होती. त्यांनी झट उचलला, मांडीवर घेतला, गुडघा हलवला.

बाबू आणखी जोरात रडला. अंग ताठ करून, पाय झाडून, जणू कोणी परक्याने धरलंय.

डबा द्यायला आलेल्या धुरपताबाई दाराशीच उभ्या होत्या. नुसतं गुणगुणल्या, तेच वणीचं. पोराची मान तिकडे वळली. मैनाबाईंनी त्याला दिला. धुरपताबाईंच्या खांद्यावर डोकं टेकताच हुंदका आवरला, आणि मग अपेक्षाने पदराखाली घेतलं तर चपाचप दूध ओढायला लागला.

मैनाबाई पुढे वाकल्या. सदरा वर केला, जयाने केला होता तसा. बघत राहिल्या. पोट सावकाश वर, सावकाश खाली. फासळ्यांखाली खड्डा नाही. नाकपुड्या स्थिर.

हे शांत होणं खरं होतं.

"विहीनबाई," धुरपताबाई म्हणाल्या, पहिल्यांदाच जरा नरम. "त्या दिवशी तुम्ही सोटर काढलं म्हनून दिसलं. मी त गुंडाळूनच ठेवला असता. मनात नका ठेवू. आज तुम्हीच थांबा. मी बसतो पायरीवर."

अपेक्षाने मान वर केली. "थांबा ना, आई."

"घरी नेलं की पहिलं न्हानं तुमच्याच पायावर," धुरपताबाई म्हणाल्या. "मी पानी देतो हातात. चालन ना?"

मैनाबाईंनी पिशवी उचलली. लुगड्याचं झबलं त्यात सगळ्यात वर होतं. ते बाहेर काढलं, एकवार हातात धरलं. याच झबल्याने तो खड्डा झाकला होता, आणि ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ते परत आत कोंबलं. अंकुरने मागून आणून दिलेल्या चपला खाटेखाली पायाने शोधल्या.

"काहून? काय झालं? बोला त खरं!" धुरपताबाई म्हणाल्या.

चपला सापडल्या. वॉर्डाचं दार ढकलून मैनाबाई बाहेर पडल्या.