मुंग्यावाली मावशी

दवाखान्यातली पोरं तिला मुंग्यावाली मावशी म्हणत. तिच्या मशीनच्या पट्ट्या लावल्या की अंगाला हलक्या मुंग्या येत आणि आळशी स्नायू जागे होत. वीस वर्षं तिचा एकच नेम होता: पट्टी आधी स्वतःच्या हाताला, आणि बटण पोराच्या ताब्यात. मावशीची बोटं टणाटण उडायला लागली की रडकं पोरही खुदकन हसे.

पाच वर्षांच्या चिमणीचं डावं पाऊल मुंग्यांशिवाय कधी उचललं जात नसे. आज तिच्या पायाला पट्ट्या लावून मावशी ओरडली, "उठा गं मुंग्यांनो!" पाऊल टुणकन वर आलं. पुन्हा आलं. मावशीचं लक्ष मशीनकडे गेलं, तर दिवाच लागलेला नव्हता.

"अगं, बटण फिरवलंच नाहीस?"

"हळू बोल ना," चिमणी तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "मुंग्या झोपल्यात."