येथे फक्त नर मिळतील

वडगाव मावळजवळच्या एका हॅचरीत मी सुपरवायझर आहे. मासा एकच, तिलापिया. आमच्याकडं त्याला चिलापी म्हणतात. चिलापीची पैदास फार झपाट्यानं होते म्हणे. कसली झपाट्यानं! आमच्या शेठच्या अकलेचे किस्से त्याहून जोरात वाढतात, आणि त्यांना खाद्यही घालावं लागत नाही.

शेठ मुळात प्लॉटिंगवाले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "यात अवघड काय? पाणी आहे, मासे आहेत. बाकी ते बघून घेतील!"

त्यांनी बघून घेतलं. नर-माद्या एकत्र, तळं पिल्लांनी गच्च, आणि एकही मासा बोटापेक्षा मोठा होईना. वर शेठ मलाच विचारतात, "तुमचं लक्ष कुठं असतं?" म्हणजे मी तळ्यात बसून पहारा द्यायचा की काय!

शेठच्या मेहुण्यांचं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान, पण लुडबुड आमच्या तळ्यावर. एकदा आम्ही तळं उपसलं, तर तळाला गोल गोल खड्डे. नर हे खड्डे करतो, मादी त्यात अंडी घालते. मेहुण्यांनी विचारलंसुद्धा नाही! ट्रॅक्टरभर मुरूम टाकून सगळे बुजवले. "लेव्हल पाहिजे, लेव्हल!" स्वतःच्या दुकानासमोरचा खड्डा मात्र अजून तसाच आहे.

मग ठरलं, फक्त नरांचं बीज, म्हणजे नर पिल्लंच विकायची. मादी नाही तर पिल्लं नाहीत, मासा भराभर वाढतो. चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडातच सांभाळते. तिच्या तोंडातून सुटल्या सुटल्या पिल्लांना हार्मोनचं खाद्य द्यायचं, म्हणजे बहुतेक सगळे नर होतात. शेठनी ते खाद्य कपाटात ठेवलं. "एवढ्याशा जिवांना कशाला? जरा मोठी होऊ देत." मी घसा फोडून सांगितलं, उशीर झाला की उपयोग नाही. "तुमचं सगळं पुस्तकी!"

पिल्लं बोटाएवढी झाल्यावर शेठनी स्वतःच्या हातानं खाद्य टाकलं. तळ्यावर कामाला असलेल्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "आवं शेठ, पोरगी नांदायला गेल्यावर तिचा पोरगा करता व्हय?"

तेच मासे मोठे झाले, आणि धरणात पिंजऱ्यांत मासे वाढवणारा एक व्यापारी ते नमुना म्हणून बघायला आला. त्याची अट साफ होती. एक जरी मादी निघाली, तर बीज घेणार नाही. ही ऑर्डर गेली तर हॅचरीला कुलूप, मी घरी, मावशीही घरी. मी शेठना हात जोडले, "मासा आधी मला तपासू द्या."

ऐकतील ते शेठ कसले! जाळ्यात हात घातला, हाताला लागला तो मासा उचलला आणि व्यापाऱ्यापुढं धरला. "बघा साहेब, गॅरंटी! मर्द आहे मर्द!"

माशानं तोंड उघडलं. शेठच्या तळहातावर भसाभस पिल्लं पडली.

व्यापारी शेठकडं बघतोय, मी जमिनीकडं. मावशींनी तोंडाला पदर लावला. शेठ ढिम्म!

"साहेब," ते म्हणाले, "आई जरा बाहेर गेली असंल. आमच्याकडं बाप लय जबाबदार!"