मास्तरांची बाग आणि घरच्यांच्या आंघोळी

टेलर मास्तरांनी उभा जन्म लोकांच्या पोटांची मापं घेतली, पण कुणाला तोंडावर 'सुटलंय हो' म्हटलं नाही. इतका मवाळ माणूस. त्यांचा चढलेला आवाज ऐकायचा असेल तर या उन्हाळ्यात त्यांच्या कुंपणाला कान लावायला हवा होता. अर्ध्या गल्लीने लावला होताच.

झालं असं, की दुकान बंद केल्यावर मास्तरांना घरामागची मोकळी जागा दिसू लागली. म्हणजे जागा आधीपासून होतीच, पण तिथे फुटक्या बादल्या आणि जुनी सायकल पडलेली असायची. त्याच जागेवर त्यांच्या चिरंजीवांचाही डोळा होता. चिरंजीवांनी नवीकोरी गाडी घेतली होती आणि ती रस्त्यावर उन्हात तापत उभी असायची. घरात शेवटचा शब्द मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा. ताईंपुढे मास्तर आजही हाफचड्डीतले.

"बाळ्या," ताई म्हणाल्या, "इथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. माणसांना पुरताना मारामार, आणि तू झाडं लावणार? सरळ फरशी घालू. गाडी तरी सावलीला येईल."

"ताई, नळाचं थेंबभरही पाणी घेणार नाही. आंघोळीचं आणि भांडी विसळलेलं जे गटारात जातं, तेवढ्यावर बाग करून दाखवतो."

"आणि टाकी रिकामी झाली तर?"

"होणारच नाही."

"एकदा झाली तर माफ. दुसऱ्यांदा तळ दिसला की गवंडी बोलावणार. मग तोंड पाडून बसायचं नाही."

मास्तर कामाला लागले. गळ्यात टेप, कानामागे खडू. आधी तांब्याभर पाणी ओतून जमिनीचा उतार कुठे जातो ते पाहिलं. मग कापडावर आखावी तशी अख्खी जागा खडूने आखली. झाडांना त्यांनी सरळ मापं दिली. मोठ्या तहानेची, म्हणजे डाळिंब, लिंबू आणि ताईंच्या आवडीची जाई, गटाराऐवजी बागेत वळवलेल्या बाथरूमच्या पाईपाच्या तोंडाशी. मधल्या मापाची त्यांच्यापुढे. आणि पार टोकाला, तापणाऱ्या भिंतीशी, कोरफड आणि निवडुंग, ज्यांना पाणी दिलं तर राग येतो. मधल्या मापाच्या झाडांत मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली. भांडी विसळलेलं पाणी त्यांत ओतायचं, मडकं पाझरत राहतं आणि मुळं हवं तेवढं पितात. सुताराकडून रंध्याचा भुसा आणून सगळ्या मातीवर जाड अंथरला. "उन्हाळी कोटालासुद्धा अस्तर लागतं," ते बायकोला म्हणाले. मास्तरीणबाईंनी मान डोलावली. नवऱ्याचं वेड निदान घराच्या मागच्या बाजूला आहे, एवढंच त्यांना समाधान.

बागेने जीव धरला. इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा पुढे झाला, आणि तो झाला प्रेमापोटी.

डाळिंबाला पहिलं लालबुंद फूल आलं आणि घराचा नूरच पालटला. चिरंजीवसुद्धा मोबाइल काढून फोटो काढू लागले. सगळे खूश, मास्तर सगळ्यांत खूश. आणि त्याच सुमारास एका सकाळी, तोंडाला ब्रश लावलेल्या अवस्थेत, चिरंजीवांनी तोटी फिरवली तर नुसती हवा आली.

"एक," ताई म्हणाल्या. आणि एक बोट वर केलं.

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. बागेला तर नळाचं पाणी जातच नव्हतं! त्यांनी सगळ्या तोट्या तपासल्या, सिंकखाली आडवे झाले, डोकं आपटून घेतलं. गळती कुठेच नाही. शेवटी गच्चीवर चढून टेपच्या टोकाला जुनी कात्री बांधली, ती टाकीत सोडली आणि प्रत्येकाच्या आंघोळीआधी आणि आंघोळीनंतर माप घेतलं. कोट उसवला की चोर शिवण सापडतेच. सापडली. एक नाही, तीन.

"अगं, तू एवढा वेळ आत काय करत होतीस?"

"आंघोळ," मास्तरीणबाई केस पुसत म्हणाल्या. "दोनदा केली."

"दोनदा? का?"

"डाळिंबाला फळ धरतंय. आत्ताच त्याला कमी पडलं तर गळेल हो."

मास्तरांनी चिरंजीवांना गाठलं. "आणि तू? तू तर पाण्याला मांजरासारखा घाबरायचास!"

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, आंघोळीचं पाणी वाया जात नाही म्हणून. मग शॉवरखाली जरा निवांत उभा राहतो. दोन गाणी होतात, लिंबालाही पाणी जातं."

"अरे, ते पाणी टाकीतूनच येतं ना!"

"पण जातं झाडालाच ना?"

ताईंना विचारायची प्राज्ञा नव्हती. पण ताई दिवसातून इतक्यांदा पाय धुवायला जात होत्या की पायांना सुरकुत्या पडल्या होत्या. पाय धुऊन झाले की लगबगीने मागच्या दारी यायच्या आणि पाईपातलं पाणी जाईच्या मुळाशी पोचलं का ते वाकून बघायच्या. ज्या बाईच्या हातात बागेचा निकाल, तीच टाकी रिकामी करत होती. बोलायचं कुणाला?

रात्री जेवताना मास्तर फुटले. "ऐका! कात्रणांची उशी छान होते. म्हणून कुणी कात्रणं मिळावीत म्हणून अख्खा तागा कापतं का? कापतं का कुणी?"

चिरंजीवांनी आणखी एक पोळी वाढून घेतली.

"उशी छान झालीय पण," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या.

"बाळ्या, जेवताना ओरडू नये," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी ताटावर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी समजावलं, हात जोडले, बाथरूमच्या दारावर टकटक केली. उत्तर एकच, तेही आतून: "वाया थोडंच जातंय!" इकडे वाढलेलं पाणी वाहत वाहत टोकाच्या भिंतीपर्यंत गेलं आणि बिचारी कोरफड लाडाने कुजली. टाकीत कात्री सोडली की पाण्याला टेकायला ती दरवेळी आधीपेक्षा जास्त खोल जायची. ताई तर एकदा गवंड्याशी फोनवर हसून बोलताना दिसल्या.

तेवढ्यात मास्तरीणबाईंच्या भावाने सगळ्यांना दोन दिवस घरी बोलावलं. मास्तरांचं पोट ऐनवेळी दुखू लागलं. मंडळींची पाठ वळली आणि पोट बरं झालं. त्यांनी प्लंबरला बोलावलं.

"पाईप काढायचा नाही," ते दबक्या आवाजात म्हणाले. "गाडायचा. भोकं पाडून मातीखालून थेट मडक्यांपर्यंत न्यायचा, वर भुसा. दिसता कामा नये."

"पाणी कुठे जातं ते मग कळणार कसं?" प्लंबरने विचारलं.

"तेच तर कळायला नकोय!"

मंडळी परतली. पाईपाचं तोंड गायब. मास्तर दारात छाती काढून उभे. "पाईप गटाराला जोडून टाकला, मडकीही बंद. आता तुमच्या आंघोळीचा आणि झाडांचा संबंध संपला."

मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले. "तुम्हाला काळीज आहे की गुंडी? डाळिंबाने तुमचं काय वाईट केलं होतं?" चिरंजीव म्हणाले, "बाबा, टू मच." ताईंनी त्या दिवशी मास्तरांच्या हातचा चहा घेतला नाही.

बाहेरून शिव्या खात मास्तर आतून मोजत होते. शॉवर बंद. मास्तरीणबाईंची आंघोळ एका बादलीवर आली. "गटारात कशाला घालवायचं?" ताईंचे पाय आपोआप स्वच्छ राहू लागले. टाकीत सोडलेली कात्री आता वीतभर खाली जाताच पाण्याला टेकायची. आणि मातीखाली, भुशाच्या अस्तराआड, डाळिंब गुपचूप पोटभर पीत होतं.

उन्हाळा सरला. टाकीने दुसऱ्यांदा तळ दाखवला नाही. एका संध्याकाळी ताईंनी मागच्या दारी खुर्ची टाकली, जाईकडे, लिंबाकडे, लगडलेल्या डाळिंबाकडे बराच वेळ पाहिलं आणि गवंड्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. चिरंजीवांनी गाडीवर टाकायला ताडपत्री आणली. बाग वाचली होती.

मास्तरांना वाटलं, आता दोन शब्द कौतुकाचे येतील.

"पाहिलंस, बाळ्या?" ताई म्हणाल्या. "पाणी तोडलं तशी कशी सुधारली! झाडांना लाड चालत नाहीत. तू उगाच त्या पाईपाचा आणि मडक्यांचा पसारा घालत बसलास."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका बाग बघायला येऊ लागल्या आणि ताई त्यांना मन लावून शिकवू लागल्या. "काही करायचं नाही बाई. लक्षच द्यायचं नाही. आमच्या झाडांना तीन महिने कुणी पाणी दाखवलेलं नाही."

"मग मास्तर काय करतात?" एकीने विचारलं.

"तो? तो मध्ये मध्ये करायचा. बंद केलं मी त्याचं."

मास्तर मागेच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बाथरूममधून चिरंजीवांची आंघोळ ऐकू आली. दोन तांबे, एक 'हुऽऽ', आणि कडी वाजून दार उघडलं.

मास्तरांनी तोंड मिटलं.