काकीच्या रेघेवर लावलेलं टायमिंग

लछूभाई गेला.

उल्हासनगर कॅम्प चारमधला आमचा लछू मेकॅनिक. वय चौऱ्याण्णव. सकाळी त्याच्या नातवाचा फोन आला.

तेव्हापासून डोळे पुसतोय आणि घरातल्या प्रत्येकाला धरून ट्रॅक्टरची गोष्ट सांगतोय. घरचे कंटाळले. आता तुम्ही ऐका.

पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. मी एकोणीस-वीसचा. कुळगावात आमची भातशेती.

मिलिटरी कॅम्पातून निघालेला एक जुना ट्रॅक्टर मी काकांच्या गळी उतरवला होता. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर टाकायचा. सेल्फ-बिल्फ काही नाही. पुढून हँडल खुपसायचं आणि फिरवायचं.

त्याच्या भरवशावर काकांनी बैलजोडी वांगणीला विकली.

आणि ऐन चिखलणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर बसला.

खरं सांगतो, बसला नव्हता. मीच बसवला होता.

मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा डबा, ओल धरेल म्हणून मी हौसेने काढून पुसला. काढताना खूण करायची राहिली. परत लावला तर ठिणगी भलत्याच वेळी पडायला लागली. हँडल मारलं की ते उलटा झटका द्यायचं. माझं उजवं मनगट वांग्यासारखं सुजलं.

हे काकांना सांगायची छाती नव्हती.

राबात लावणीला आलेली रोपं पिवळी पडत चाललेली. गावात कुणाचे बैल मोकळे नाहीत.

काका म्हणाले, "आज दिवस मावळेपर्यंत चालू नाय झाला, तर उद्या ह्यो डबा भंगारात. नि तू अंबरनाथला कारखान्यात. शेतीचं नाव काढायचं नाय परत."

मी सायकल काढली. एका हाताने मारत थेट कॅम्प चार.

लछूभाई सिंधमधून आलेला, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. एका वाक्यात तीन भाषा बोलायचा.

"अडे साईं, हाताला काय झाला?"

"ट्रॅक्टरच्या हँडलने मारलं."

"तो फिर इंजिन जिंदा आहे! मेलेला माणूस लाथ मारते काय?"

सगळं कबूल केलं त्याच्याकडे. तो पोट धरून हसला. मग बोल्ट खोलायचे दोन पाने आणि पतंगाच्या कागदाचा एक तुकडा खिशात टाकून निघाला. सायकल त्याने चालवली, मी मागे कॅरियरवर.

ट्रॅक्टरपुढे उकिडवा बसून त्याने पुढच्या पुलीवर बोट ठेवलं. तिथे एक ठसठशीत पांढरी रेघ.

"निशान तो है! टायमिंग ह्यालाच लावायचा."

मी म्हटलं, "मी पण ह्यालाच लावलं होतं."

त्याने लावलं. हँडल मारलं.

फाड्!

हँडल उलटं उसळलं. अंगठा त्याने बोटांच्याच बाजूला ठेवला होता म्हणून वाचला.

काका लांबून म्हणाले, "झाला? एक येडा होता, आता दोन झाले!"

लछूभाईचा चेहरा बदलला. रेघेकडे ढुंकूनही न बघता त्याने एक नंबरचा प्लग काढला आणि माझा अंगठा धरून भोकावर दाबला.

"मी फिरवते. हवा अंगठा उडवेल तेव्हा बोल."

"उडवला!"

मग भोकात भाताची काडी सोडली. पिस्टन वर आला तशी काडी वर आली. पार वर येऊन थांबली.

आणि पांढरी रेघ? ती चार बोटं पुढे निघून गेलेली!

"अडे, तो ही रेघ कोणाची?"

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. वाकून बघितलं.

"ती होय? ती माझी. दसऱ्याला पूजा केली तवा चुन्यात डिंक घालून मीच काढली. चांगली टिकली की नाय?"

दोन मेकॅनिक काकीच्या दसऱ्यावर टायमिंग लावत होते!

लछूभाई चिखलातच बसला. हसून हसून चहा सांडला. मग रॉकेलच्या फडक्याने पुली घासली. पूजेच्या शेंदराच्या थराखाली छिन्नीची बारीक खाच निघाली. बरोबर जिथे काडी थांबली होती, तिथे.

त्याने मॅग्नेटोच्या पॉइंटमध्ये पतंगाचा कागद धरला आणि मॅग्नेटो केसभर केसभर फिरवत नेला. कागद सुटला म्हणजे पॉइंट उघडला, ठिणगीची वेळ तीच; त्या क्षणी बोल्ट आवळले.

एक हँडल. धडधडधडधड!

मी नाचलो. काकी नाचली. काकांनी विचारलं, "कशाने बिघडला होता?"

लछूभाईने माझ्याकडे बघितलं. "पुराना मशीन आहे, काका."

मला वाटलं, सुटलो.

आणि या माणसाने इंजिन बंद केलं. मॅग्नेटो सोडवला, गरागरा फिरवला आणि माझ्या हातात दिला.

"आता तू बसव."

काका उसळले. "येडा झालास काय रं? दिवस मावळायला आला, नि चालू गाडी खोलतोस?"

"काका, मी आज आला. उद्या परत बिघडेल तेव्हा कोण येणार? ह्याला आला पाहिजे."

तो बांधावर जाऊन भाकरी खात बसला. पाठ माझ्याकडे.

प्लग. अंगठा. हवा. काडी. खाच. कागद.

कागद दोनदा फाटला. तिसऱ्यांदा हलकेच निसटला, मी बोल्ट आवळले आणि डाव्या हाताने हँडल मारलं.

काही नाही.

परत मारलं.

धडधडधडधड!

काकांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"बघत काय उभा राहिलास? जा, चिखलणीला लाग. रोपं थांबायची नायत."

अंधार पडेपर्यंत दोन खाचरं काढली मी. लछूभाई बांधावरून ओरडत होता, "अडे वळव, वळव! नदीत नेते काय?"

पुढे आयुष्यभर शेतीच केली. कारखान्याची पायरी चढलो नाही.

लछूभाई, कुळगावच्या आमच्या अख्ख्या घराचा तुला शेवटचा रामराम.